चमचाभर हळद

बाबा, आमच्या गाडीतून वाफ निघायला लागली तेव्हा पहिली आठवण तुमची आली. दुसरी आठवण जी आली, ती सांगायची म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही गेल्याला वीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं मला कधी वाटलं नाही, कारण लिहायला घेतलं असतं तर भाऊचं नाव काढावं लागलं असतं. माझ्या सख्ख्या, तीन वर्षांनी मोठ्या भावाशी मी चोवीस वर्षं एक शब्द बोललेली नाही. तुम्ही त्याला गॅरेजमधून हाकललंत आणि तो लातूरला गेला, एवढंच जगाला माहीत आहे. लोकांनी विचारलं की मी सांगते, हट्टी आहे, आमच्या बाबांवर गेलाय. आता येत्या रविवारी त्याच्या दारात उभं राहायचं की नाही, हे मला ठरवायचं आहे, आणि हे सगळं त्या वाफेनं उकरून काढलंय.

झालं असं की, आमचे हे दर दुसऱ्या रविवारी गाडी घेऊन लातूरला जातात. तुमची नात तिकडे क्लासला आहे, तुम्ही तिला बघितलं नाही. डॉक्टर व्हायचंय तिला. हे तिला धपाटे, चटणी, धुतलेले कपडे देऊन येतात. मी बिलोलीकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे, मला रविवारीसुद्धा कधी कोणाचं बाळंतपण निघेल सांगता येत नाही, म्हणून मी जात नाही. तीन आठवड्यांमागे हे लातूरहून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन ड्यूटीवर निघाले. नायगावच्या अलीकडे इंजिन तापल्याचा काटा वर चढला आणि बोनेटच्या फटीतून पांढरं भसाभस निघायला लागलं. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, खाली उतरले. पाच मिनिटांत चार पुरुष जमा. एक म्हणाला, "म्याडम, इंजिन गेलं." दुसरा म्हणाला, "जळून राहिलं आतून, धूर बघा की." तिसऱ्यानं तर बाटलीभर बोअरचं पाणी आणलं आणि सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मी अशी ओरडले की त्याच्या हातातली बाटलीच पडली. "हात काढ आधी! तोंड भाजून घ्यायचंय का? आणि हे खारं पाणी तुझ्या गाडीत घाल." तो म्हणाला, "लई तापट हाय बाई." हाव, आहे. कोणाची लेक आहे!

मग मी तेच केलं जे तुम्ही करत होतात. काहीच केलं नाही. झाडाखाली उभी राहून नुसतं बघत राहिले. धूर आहे की वाफ, आधी हे ठरव, बाकी सगळं नंतर, असं तुम्ही प्रत्येकाला सांगायचात. वाफ असली तर हातभर वर जाऊन हवेत नाहीशी होते, धूर रेंगाळतो, कपड्यात बसतो. ही नाहीशी होत होती. वास घेतला, तर गोडसर, कूलंटचा. गार झाल्यावर गाडी पुन्हा जराशी सुरू केली आणि पर्समधला कोरा कागद काढून सायलेन्सरसमोर धरला. तुमची ती युक्ती. कागदावर थेंब उडाले, उन्हात वाळले, डाग राहिला नाही. म्हणजे ऑइल खात नव्हती. सायलेन्सरमधूनही पांढरं येत नव्हतं, म्हणजे पाणी इंजिनच्या आत जात नव्हतं. जे काय होतं ते बाहेरच कुठेतरी गळत होतं. ते चौघं माझ्याकडे असे बघत होते, की बाई गाडीची दृष्ट काढून राहिली. मला त्या क्षणी तुम्ही इतके हवे होतात बाबा, की काय सांगू.

देगलूर नाक्याजवळचं आपलं गॅरेज, मागे दोन खोल्यांचं घर, आई लवकर गेलेली, म्हणून चूल माझ्याकडे. खिडकीतून मला सगळं दिसायचं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "उस्ताद, कालपासून गरम होऊन राहिली." तुम्ही त्याच्याकडे बघत पण नाही. बोनेट उघडता, नाक खाली नेता, गेल्या महिन्याच्या कॅलेंडरचं पान फाडून मागे सायलेन्सरला धरता आणि मग म्हणता, "काल न्हाई. दसऱ्यापासून हाय. खोटं कशाला बोलता?" आणि ते गिऱ्हाईक खाली मान घालायचं! काळा धूर आला तर डिझेल जास्त चाललंय, निळा आला तर ऑइल जळतंय, पांढरा आला आणि गेलाच नाही तर इंजिनचं हेड बघा. हे सगळं मला तुम्ही कधी समोर बसवून शिकवलं नाही, भाऊला शिकवलंत. मी वरणाला फोडणी देता देता ऐकलं. तुम्ही माणसाच्या तोंडाचं कधी धरलं नाहीत. गाडीला विचारा, माणसाला विचारू नका, असं म्हणायचात. मला ते फार आवडायचं तेव्हा. पुढे त्याच सवयीनं मी आमच्या ह्यांचं जगणं नकोसं केलं, ती गोष्ट वेगळी.

तर नायगावला अर्ध्या तासानं मी झाकणावर फडक्याची घडी ठेवून ते हळूच सोडलं. आत बघितलं. पाणी पिवळट. झाकणाच्या कडेला पिवळे कण चिकटलेले. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात, जिथून गळत होतं तिथे, वाळलेला पिवळा ओघळ. बोट लावलं, वास घेतला. हळद. गळकं रेडिएटर तात्पुरतं बुजावं म्हणून ट्रकवाले हळद टाकतात, ते तुम्हाला मी काय सांगू! पण आमच्या गाडीत हळद टाकणार कोण? ह्यांना तर हवा भरायला सांगितली तरी कोणत्या चाकात म्हणून विचारतात. घरी आल्यावर मी सहज विचारलं, "गाडीला काय झालं होतं का लातूरला?" हे म्हणाले, "न्हाई बा." म्हटलं, "मग पाण्यात हळद कशी?" ह्यांनी वर्तमानपत्र उलटं केलं. "रस्त्यावरच्या कुण्या मेकॅनिकनं टाकली आसंल." कुठला रस्ता? "तोच की." आपला जावई मास्तर आहे बाबा, पोरांचं खोटं पकडण्यात जन्म गेला, स्वतःला एक धड बोलता येत नाही.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटत नाही. मीटर बघितलं. आपल्या घरापासून नातीच्या होस्टेलपर्यंत जाऊन-येऊन किती किलोमीटर होतात हे मला ॲडमिशनच्या दिवसापासून पाठ आहे. पुढच्या फेरीला हे निघताना मी आकडा हातावर लिहून ठेवला, आल्यावर बघितलं, तर बारा किलोमीटर जास्त. आता लातूरसारख्या गावात रविवारी हे बारा किलोमीटर कशाला फिरतात? माझं डोकं कुठे कुठे गेलं ते विचारू नका. एक रात्रभर मी ह्यांचं दुसरं घर बांधून, त्यात एक बाई बसवून, तिच्या हातचा स्वयंपाकही चाखून आले. सकाळी पोरीला फोन लावला. "मेसचं जेवण कसं आहे गं?" म्हणाली, "लई भारी, मम्मी. रविवारी तर डाळवांगं असतं, एकदम आपल्यासारखं." मी फोन ठेवला. मेसच्या जेवणाला चांगलं म्हणणारं पोरगं मी आजवर बघितलं नाही. वर मागच्या सुट्टीत आली तेव्हा पोरगी गालानं भरलेली. आणि आंबटगोड डाळवांगं, वरून खोबऱ्याचा कीस, ते फक्त आपल्या घरी व्हायचं, आईच्या हातचं. मला तिनं शिकवलं आणि भाऊला चव माहीत होती. तिथे माझा संशय बाईवरून उठला आणि जाऊन बसला तो सरळ भाऊवर. बाई असती तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटलं, इतकी मी घाबरले.

संध्याकाळी ह्यांच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, "भाऊकडं जाता ना?" ह्यांचा कप बशीवर वाजला. मग सगळं निघालं. होस्टेलला लातूरचा कुणीतरी स्थानिक पालक लागतो, सहीला, दवाखान्याला, अडीनडीला. ह्यांना तिथे कोणी ओळखीचं नव्हतं. पोरीला मामा आहे हे कागदावर तरी खरं होतं. म्हणून हे डाळ मिलच्या भागात विचारत विचारत गेले. भाऊ मिलच्या मशीन दुरुस्त करतो, दोन खोल्यांत राहतो. ह्यांना दारात बघून म्हणाला, "कुठं सही करू?" दुसरं काही विचारलं नाही. तेव्हापासून पोरगी दर रविवारी मामाकडे जेवते. "मला का नाही सांगितलं?" मी ओरडले. हे म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू तिचं होस्टेल बदललं असतंस." बरोबर होतं. मी तेच केलं असतं. "आणि हळद?" ह्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "त्या रविवारी रेडिएटर झिरपायला लागलं, दुकानं बंद, परत यायचं होतं. त्यानंच टाकली. मोजून, फडक्यातून गाळून, एक चमचा. आणि म्हणाला, बाईला म्हणावं, चमचाभरच पुरते. मला त्यातलं काही कळलं न्हाई. काय म्हणत होता गं तो?"

मी चहाचे कप उचलून आत गेले.

घरात मला बाई म्हणणारे तुम्ही दोघंच. तुम्हाला कळलं ना बाबा, काय म्हणत होता? धर्माबादच्या माणसाची ती जीप. तुम्ही मुखेडला बंद पडलेला ट्रॅक्टर बघायला गेला होतात. जीपचं रेडिएटर झिरपत होतं, भाऊनं तपासून सांगितलं की कथील लावून झाळायला लागेल, आणि झाळणाऱ्याला बोलवायला सायकलवर गेला. तो माणूस घायकुतीला आलेला. मागच्या सीटवर त्याची म्हातारी आई, त्याच दिवशी दवाखान्यातून सोडलेली, ऊन मी म्हणतंय. "बाई, काहीतरी करा हो, कुठवर बसवू हिला?" मी खिडकीतून बघत होते. वीस-एकवीस वर्षांची होते, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि मनात एकच, की मलाही गाडीतलं कळतं. मला कधी कोणी पान्याला हात लावू दिला नाही, पण कळतं मला. ट्रकवाले हळद टाकताना मी दहा वेळा बघितलं होतं. किती टाकतात ते मात्र बघितलं नव्हतं. डबा आणला आणि अख्खा ओतला. वरून बोअरचं पाणी. गळणं थांबलं, तो माणूस हात जोडून गेला. मी नळावर हात धूत होते तर भाऊ झाळणाऱ्याला घेऊन आला. जीप नव्हती. त्यानं माझे हात बघितले, कोपरापर्यंत पिवळे. "काय केलंस गं?" "काही नाही." तो झाळणाऱ्याला परत पाठवायला वळला.

संध्याकाळी जीप दोराला बांधून आणली. आतमध्ये हळदीचा आणि क्षाराचा लगदा होऊन सगळ्या नळ्या बुजलेल्या, गाडी तापून तापून हेडला चीर गेलेली. म्हातारी दोन तास रस्त्यावर उन्हात पडली होती, तिला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. तुम्ही झाकण उघडलंत, बोट बुडवलंत, वास घेतलात. इतका पांढरा पडलेला तुमचा चेहरा मी कधी बघितला नव्हता. "हळद ही वरणात घालायची चीज हाय. रेडिएटरात कुणी घातली?" मी दारात उभी. मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं बाबा, तोंड उघडलं होतं मी. भाऊ म्हणाला, "मी." तुम्ही त्याच्या हातातला पाना घेतलात, फडक्यानं पुसून भिंतीला लटकवलात आणि म्हणालात, "आजपासून ह्याला हात लावायचा न्हाई. जा." तो माझ्याकडे न बघता गेला. चप्पलसुद्धा दुसऱ्याची घालून गेला.

आणि मग तुम्ही जेवायला बसलात. मी ताट वाढलं. वरण पांढरं होतं. घरात हळदीची चिमूट राहिली नव्हती, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायची माझी हिंमत झाली नाही. तुम्ही ताटाकडे बघितलंत. गिऱ्हाईकाची गाडी फाटकातून आत यायच्या आधी तिचा रोग ओळखणारा माणूस तुम्ही. पांढऱ्या वरणाकडे तुम्ही किती वेळ बघत होतात! मी पळी धरून उभी. तुम्ही भात कालवलात, एक घास खाल्लात आणि म्हणालात, "मीठ बराबर हाय." बस्स. पुढे एक अक्षर नाही, त्या दिवशी नाही, कधीच नाही. चोवीस वर्षं मी त्या तीन शब्दांचा वास घेत बसलेय. तुम्हाला कळलं होतं. मला शंभर टक्के संशय आहे की तुम्हाला कळलं होतं. पोराला हाकलून बसला होतात, शब्द मागे घेणं तुमच्या स्वभावात नव्हतं, आणि लग्नाला आलेल्या पोरीचं नाव गावभर झालं असतं. म्हणून मिठाचं बोललात. मला त्याचा राग येतो हो! तुम्ही विचारायला पाहिजे होतं. एकदा ओरडून विचारलं असतंत तर मी सांगून मोकळी झाले असते.

गाडीचं म्हणाल तर इथे नांदेडात दोन ठिकाणी नेली. पहिल्यानं बोनेट उघडायच्या आधीच हेड खोलावं लागेल म्हणून सांगितलं. मी म्हटलं, सायलेन्सरला कागद लावून बघितला का? तो हसला. तिथून निघाले. दुसऱ्या गॅरेजात समोर उभी राहून रेडिएटर बदलून घेतलं. त्या पोरानं जुनं काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "म्याडम, हळद कुणीतरी हिशेबात टाकली व्हती, न्हाईतर तुम्ही नायगावपर्यंतबी पोचला नसता." मी ते जुनं रेडिएटर भंगारात दिलं नाही. गॅलरीत ठेवलंय. हे रोज त्याच्याकडे बघतात आणि काही विचारत नाहीत, शहाणे झालेत.

हळदीचं मी रविवारी भाऊला काय सांगणार? त्याला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. पण एक गोष्ट त्यालाही माहीत नाही, तुम्हालाही नाही. माझ्या लग्नाच्या कार्डावर तुम्ही त्याचा पत्ता स्वतःच्या हातानं लिहिला होतात. चार दिवस लिहू की नको करत होतात, मला दिसत होतं. मग लिहिलंत, तिकीट चिकटवलंत आणि मला दिलंत, "टाक पोस्टात." मांडवात बुद्धवंदना सुरू झाली तरी तुमची नजर फाटकाकडे. जेवणं उठली, मांडव सोडायला माणसं आली, तरी तुम्ही फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेले. शेवटी म्हणालात, "न्हाई आला. माझ्यावरच गेलाय." दोन वर्षांनी दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, मी सलाईन बघत होते तर तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "बाई, ते कार्ड टाकलं व्हतंस ना?" मी म्हणाले, "हाव, बाबा." तुम्ही जन्मात कुणाच्या तोंडाचं धरलं नाहीत, माझं धरलंत. मान हलवलीत आणि कुशीवर वळलात.

कार्ड माझ्या ट्रंकेत आहे, नर्सिंगच्या पुस्तकात. तो आला असता, अंगाला हळद लावलेली मला बघून तुमच्यासमोर काही बोलला असता तर, एवढीच भीती होती मला. आता ते काढून पर्समध्ये ठेवलंय, तुमच्या अक्षरातला पत्ता तसाच आहे. रविवारी मी पण येते, असं ह्यांना सांगितलंय. हे पत्र मात्र त्याच पुस्तकात राहील. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हाव म्हणाले, बाबा. टाकलं नव्हतं मी.